१५ वर्षांच्या लेकीला ७० किलोमीटर का नकोत?

पत्र असं आहे:

‘मी आणि बायको बऱ्याच वर्षांपासून दर रविवारी सायकलवर लांब जातो. मुलं लहान होती तेव्हा “आम्हालाही न्या” म्हणून मागे लागायची. आता मुलगी १५ वर्षांची आहे, मुलगा १३ चा. गेल्या महिन्यात मी चौघांसाठी ७० किलोमीटरची राईड आखली. साडेचारला सगळ्यांना उठवलं, पाचला बाहेर पडलो. मुलगा सुरुवातीला सुसाट पुढे गेला आणि चाळिसाव्या किलोमीटरला ढेपाळला. मुलगी पहिल्यापासून गप्प. प्रत्येक चढावर आम्ही वर थांबून तिची वाट बघत होतो. मी तिला समजावत होतो, अगं १८ चा वेग २२ कर, ४ चाच तर प्रश्न आहे. ४८ व्या किलोमीटरला ती रस्त्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, “मी परत कधीच येणार नाही.” नवल हे की हीच मुलगी संध्याकाळी मैत्रिणींबरोबर १५ किलोमीटर आनंदानं फिरून येते, तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या याच सायकलवर. पुढच्या सुट्टीत दोन दिवसांत १५० किलोमीटर करायचा आमचा बेत आहे. सक्ती करू का? किलोमीटरमागे काही बक्षीस लावू का? की हातातला फोन सुटेपर्यंत काही खरं नाही?
— एक हिरमुसलेला बाबा’

नमस्कार बाबा,

फोनला आधी निर्दोष सोडून देऊ. जी मुलगी आपण होऊन १५ किलोमीटर फिरून येते, तिला सायकलचा कंटाळा आलेला नाही. तिला नको आहे ती तुम्ही आखलेली राईड, आणि तुमचं वर्णन वाचून, रागावू नका, पण मलाही ती नकोशी वाटली. सक्ती तर नकोच. का नको ते पुढे येईल. त्याआधी सायकलीकडे जाऊ, कारण मुलांच्या मनात काय आहे हे शोधण्याआधी त्यांच्या बुडाखाली काय आहे ते बघावं, असं माझं ठाम मत आहे.

सायकल तीन वर्षांपूर्वीची, म्हणजे ती १२ ची असताना घेतलेली. या वयात उंची झपाट्यानं वाढते, आणि त्यातही पाय आधी लांब होतात, धड मागून वाढतं. सीट मात्र तेव्हा होती तिथेच असते. तपासायला सोपं आहे: तिला सीटवर बसवा, तुम्ही सायकल धरा, पेडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवायला सांगा. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चालवताना चवडा पेडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढा हलका बाक राहतो. टाच ठेवूनही गुडघा वाकलेलाच असेल तर सीट खाली आहे. टाच पोचत नसेल किंवा चालवताना कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर ती जास्त वर आहे. वर करताना सीटखालच्या नळीवरची मर्यादेची खूण फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. खूण बाहेर येत असेल, तर सायकलच लहान पडली आहे.

‘पण याच सायकलवर ती १५ किलोमीटर जाते की’, असं म्हणाल. जाते. मिनिटाला पेडलचे ७० फेरे धरले तर तीन तासांत एकेक गुडघा १२,६०० वेळा वाकतो. पाऊण तासात जी अडचण जाणवतही नाही, ती तीन तासांनी रडवते. गुडघ्याची वाटी पुढून दुखत असेल तर बहुतेकदा सीट खाली असते, गुडघा मागून दुखत असेल तर वर. वाटीच्या खाली, नडगीच्या हाडावर जिथे टेंगूळ असतं तिथे दुखत असेल, तर मात्र सीटशी खेळत बसू नका. वाढीच्या वयात तिथे ताण येऊन दुखणं जडतं, ते डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तितके दिवस सायकल बंद ठेवा. हाताला मुंग्या येत असतील तर हँडल लांब पडतंय का ते बघा.

सीटची रुंदीही बघा. आपण बसतो ती कंबरेखालची दोन हाडं सीटवर टेकायला हवीत, आणि मुलींमध्ये त्यांच्यातलं अंतर सरासरीनं जास्त असतं. गादीसारखी मऊ सीट दुकानात छान वाटते, पण तासाभरात हाडं त्यात रुततात आणि नको तिथे दाब येतो. पॅडवाली शॉर्ट्स घेणार असाल तर ती आत दुसरं काही न घालता वापरायची असते, हे तिला आईनं सांगावं. शिवण टोचायला लागली की शॉर्ट्स असून नसल्यासारखीच. आईनंच तिला पाळीच्या दिवसांबद्दलही विचारून ठेवावं. अमुक तारीख नको, दर तासाभरात स्वच्छतागृह असेल असाच रस्ता हवा, हे १५ वर्षांची मुलगी चौघांसमोर बोलणार नाही. ती ‘मूड नाही’ म्हणेल, आणि आपण ते खरं मानून बसतो.

आता तुमची आणि तिची, दोन्ही सायकली काट्यावर ठेवा. समजा तुमची १० किलोची आणि तुम्ही ७५ चे. तिची १६ किलोची आणि ती ४८ ची. म्हणजे तुम्ही तुमच्या वजनाचा सातवा-आठवा हिस्सा चढावर ओढताय आणि ती तिच्या वजनाचा तिसरा. त्यात जाड, खाचांचे टायर आणि अर्धवट हवा. नवी सायकल घ्याच असं मी म्हणत नाही. रस्त्यावरच जायचं असेल तर कमी खाचांचे, गुळगुळीत टायर बसवा, टायरच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेत हवा भरा, चेन पुसून तेल द्या. पाणी, हत्यारं, जादा कपडे तुमच्या सायकलवर. मुलगी मोकळी.

१८ चे २२ करायला सांगत होतात ना? हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनानं. म्हणजे १८ वरून २२ वर जायचं तर नुसती हवा कापायलाच साधारण १.८ पट ताकद लागते. तुमच्या लेखी तो ‘४ चाच प्रश्न’ होता. वारा समोरून असेल तर तुम्ही पुढे राहा आणि तिला आडोशाला घ्या. मागच्याचा हवेचा विरोध त्यानं बराच कमी होतो. मात्र चाकाला चाक लावून चालवणं सवयीशिवाय धोक्याचं आहे, एका सायकलीएवढं अंतर राहू द्या.

वेगाचा विषय निघालाच आहे म्हणून लांब पल्ल्याच्या मंडळींचा एक नियम सांगते. ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँच्या नियमांनुसार जगभर ज्या ब्रेव्हे राईड होतात, त्यात २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं मिळतात. थांबे धरून हिशेब केला तर ताशी १५ सुद्धा भरत नाही. पहिला-दुसरा नंबर नाही, आणि कोणी फारच लवकर पोचलं तर वाटेतली पुढची नोंदीची चौकी उघडलेलीच नसते. हे लोक हौसेनं दिवसचे दिवस सायकल चालवतात. त्यांना १५ पुरतात, आणि आपल्याला रविवारच्या घरच्या राईडला २२ हवेत. हँडलवरचा मीटर घरच्या राईडपुरता काढून ठेवा. तुम्हाला जमणार नसेल तर बायकोला काढायला सांगा.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य मात्र वेगळंच आहे: ‘वर थांबून तिची वाट बघत होतो.’ कल्पना करा. तुम्ही तिघं चढ संपवून उभे आहात, पाणी पिताय, श्वास खाली बसलाय. ती धापा टाकत पोचते, तुम्ही म्हणता ‘आलीस? चला’, आणि निघता. ज्याला विश्रांतीची सगळ्यात कमी गरज त्याला ती पुरेपूर, आणि जिला जास्त तिला शून्य. असे पाच-सहा चढ झाले की कोणीही रस्त्याच्या कडेला बसेल. शिवाय दर वेळी तीन चेहरे तिच्याकडे बघत असतात, ते वेगळंच. शेवटचा माणूस पोचला की तिथून विश्रांतीची मिनिटं मोजायला सुरुवात करायची आणि ‘निघूया’ हे त्यानंच म्हणायचं. एवढा एक बदल केलात तरी पुढची राईड निराळी होईल. चढावर दोघांपैकी एकानं तिच्या मागे किंवा शेजारी राहावं, गप्प राहून. ‘शाब्बास, थोडंच राहिलं’ हेही नको, विशेषतः थोडं राहिलेलं नसताना.

साडेचारच्या उठण्याचं काय करायचं? वयात येताना शरीराचं झोपेचं घड्याळ एक-दोन तास पुढे सरकतं. लवकर आडवं झालं तरी झोप लागत नाही. या वयात ८ ते १० तास झोप हवी असं तज्ज्ञ सांगतात. साडेअकराला झोपलेल्या मुलीला साडेचारला उठवलंत, म्हणजे पाच तासांवर तिला ७० किलोमीटर चालवायला काढलंत. सात-साडेसातला निघा आणि अंतर कमी करा. ऊन फार असेल तर संध्याकाळची राईड ठेवा, अंधाराच्या आत घरी येईल इतकी. तुम्हाला पहाट आवडते हे मला कळतं, मलाही आवडते. ती तुमच्या रविवारांसाठी राखून ठेवा.

खाण्याचं थोडक्यात. तासाभराहून लांब राईडला दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. म्हणजे ‘मधे कुठेतरी थांबून खाऊ’ पुरत नाही, तासाला दोनदा काहीतरी तोंडात टाकावं लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हेलोसिओ या टोपणनावानं लिहिणारे फ्रेंच सायकलपटू पॉल द व्हिव्ही भूक लागायच्या आत खायला आणि तहान लागायच्या आत प्यायला सांगत, ते अजून तसंच लागू आहे. मिरवण्यासाठी पेडल मारू नका, असंही त्यांचं एक सांगणं होतं. ते कोणासाठी आहे, ते तुम्ही ठरवा.

हे सगळं दुरुस्त केलंत तरी एक गोष्ट उरतेच, आणि मला वाटतं खरी मेख तीच आहे. त्या राईडचा रस्ता तुम्ही ठरवला, अंतर तुम्ही, वेळ तुम्ही, वेगही तुम्ही. मुलीच्या हातात एकच निर्णय उरला होता, थांबायचा, आणि तो तिनं ४८ व्या किलोमीटरला घेतला. मैत्रिणींबरोबर जाताना वळायचं कुठे, थांबायचं किती, परतायचं कधी, हे ती ठरवते. आठ-नऊ वर्षांच्या पोराला आई-बाबांच्या मागे जाण्यातच मजा वाटते. १५ व्या वर्षी ती वाटू नये हेच निकोप आहे.

तेव्हा तिला खरा अधिकार द्या. ‘लाल बाटली हवी की निळी’ असला लुटुपुटूचा नको, मुलं तो लगेच ओळखतात. नकाशा तिच्या फोनवर राहू दे. पुढची राईड २५ ते ३० किलोमीटरची, कुठे जायचं ते ती ठरवेल. चढ-उताराची आकृती नकाशाच्या अ‍ॅपवर दिसते, ती बघायला शिकवा आणि मग बाजूला व्हा. तिनं नुसतं पोहायला किंवा एखादं दुकान बघायला जायचा रस्ता काढला, आणि तिथे तासभर रमली, तर तो तास राईडचाच भाग आहे. चुकीचं वळण घेतलं तर सुधारायची घाई नको, रस्ता धोक्याचा नसेल तर दोन किलोमीटर जास्त झाले म्हणून काही बिघडत नाही. वाऱ्याचा अंदाज मात्र तिच्याबरोबर बसून बघा: जाताना समोरून आणि येताना पाठीवर वारा असेल तर दमलेल्या पायांना परतीची वाट सोपी जाते. किंवा एकाच दिशेनं जा आणि ट्रेननं किंवा गाडीनं परत या. सायकल चढवता येते का ते आधी विचारून ठेवा. कुठेतरी पोचणं आणि आलेल्या वाटेनंच परतणं यात मुलांच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक असतो.

परत फिरण्याचा अधिकारही तिचा. रस्त्यात दोन-तीन ठिकाणं आधीच ठरवून ठेवा, जिथून राईड सोडून देता येईल. तिनं ‘बस्स’ म्हटलं की विषय संपला, सुस्कारा न टाकता. बाहेर पडायचं दार उघडं आहे हे माहीत असलं की ते वापरायची वेळ कमी येते.

कशावर मतदान नाही, तेही स्पष्ट सांगा. हेल्मेट, चालणारे ब्रेक, मागचा-पुढचा दिवा, वाहतुकीचे नियम, आणि रहदारीत कानात काही घालायचं नाही. हेल्मेट कुठलं, कुठल्या रंगाचं, ते तिनं निवडावं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट मात्र बदलायचंच. गाणी हवीच असतील तर मोकळ्या रस्त्यावर हँडलला छोटा स्पीकर लावा, हळू आवाजात. गाणी तिची असतील, आणि तुम्ही ती सोसाल. एखादी मैत्रीण बरोबर येणार असेल तर जरूर आणा, तिच्या घरच्यांशी बोलून आणि तिची सायकल आदल्या दिवशी तपासून.

पंक्चर काढायला दोघांनाही शिकवा. हे घरीच करा, चांगल्या ट्यूबवर, घाई नसताना: चाक काढणं, टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधणं, ठिगळाआधी ट्यूब घासणं, सोल्युशन वाळू देणं. ज्याला हे येतं तो रस्त्यावर कोणाच्या मागून फरफटत येणारा राहत नाही. पुढचं पंक्चर झालं की तुम्ही पाण्याची बाटली घेऊन बाजूला बसा. वेळ लागेल, लागू दे.

आणखी एक, राईडवर अभ्यास, मार्क, पुढे काय करणार हे विषय बंद. शेजारी-शेजारी चाललं की मुलं आपण होऊन बोलतात हे खरं, पण आपण त्याचा फायदा उठवतोय असं दिसलं की ती पुढे निघून जातात.

मुलाचा प्रश्न उलटा आहे आणि सोपा. त्याच्यात जोर आहे, तो पुरवायचा कसा हे माहीत नाही. त्याला दाबू नका, काम द्या: चढ वाटेल तेवढ्या जोरात चढ, मग खाली ये आणि शेवटच्याबरोबर परत वर ये. त्याचे किलोमीटर जास्त होतात, जिंकल्याचा आनंद मिळतो, आणि बहिणीला वर उभं राहून बघणारा एक चेहरा कमी होतो. जड गिअर लावून दणके देत असेल तर हलका गिअर टाकून मिनिटाला ८०च्या आसपास फेरे मारून बघायला सांगा. चाळिसाव्या किलोमीटरला ढेपाळायचं प्रमाण त्यानं आणि वेळेवर खाण्यानं बरंच कमी होईल.

बक्षिसाचं म्हणाल तर किलोमीटरमागे काहीही लावू नका. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. चित्रं काढायची मुळात आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना ‘काढलंत तर बक्षीस’ असं आधीच सांगितलं. पुढे बक्षीस नसताना ही मुलं चित्रांकडे इतरांच्या जवळपास निम्माच वेळ वळली. तुमच्या मुलीला सायकल आवडतेच आहे, त्यावर दर कशाला लावायचा? राईड संपल्यावर सगळ्यांनी मिळून काहीतरी चापणं वेगळं. ते बक्षीस नाही, ती भूक आहे.

आता १५० किलोमीटरचा बेत. तो मोडा. सुट्टीपर्यंत २५-३० च्या दोन-तीन राईड होऊ देत, मग एक ४० ची, तीही तिनं आखलेली. सगळं नीट गेलं तर दोन दिवसांचा बेत करा: पहिल्या दिवशी ४५, दुसऱ्या दिवशी ३०. दुसऱ्या दिवशी कमीच हवेत, कारण सकाळी पुन्हा सीटवर बसताना मोठ्यांनाही कळवळायला होतं. मुक्काम कुठे करायचा ते दोन्ही मुलांनी ठरवावं. ठिकाण तुमच्या दृष्टीनं कंटाळवाणं असलं तरी चालेल.

हे सगळं करूनही ती ‘मला नाही यायचं’ म्हणू शकते. मग तुम्ही तिघं जा, किंवा तिच्यासाठी कोणाला घरी थांबावं लागत असेल तर बायको आणि तुम्ही आळीपाळीनं थांबा. ‘तुझ्यामुळे बेत बिघडला’ हे तोंडातून जाऊ देऊ नका, आणि परत आल्यावर फोटो दाखवायला तिच्या खोलीत जाऊ नका. तिनं विचारलं तर दाखवा. पुढच्या वेळी पुन्हा एकदा विचारा, एकदाच, साध्या आवाजात.